मोरीत टाकलेला तुकडा

अप्पा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या दाढेवरचा माझा राग गेलेला नाही. मी दातांच्या कॉलेजातून सुट्टीला सोलापूरला आलो होतो. तुमचं रक्त लवकर थांबत नसे, म्हणून सरांच्या हातापाया पडून मुंबईहून कोलॅजनचा तुकडा आणला होता. डॉक्टरांनी दाढ काढली आणि तो दाढेच्या खाचेत मी माझ्या हातानं बसवला. पाच मिनिटांत रक्त थांबलं. घरी येऊन तुम्ही खाटेवर बसता, जिभेनं चाचपता, विचारता, "ह्ये कशाचं हाय रं?" रक्त थांबलं म्हणून मी खुशीत. सांगून टाकतो, जनावराच्या कातडीपासून करतात, आपोआप विरघळतं. तुम्ही उठून मोरीत जाता, बोट घालून तो उपसता आणि चुळांवर चुळा भरता. "गळ्यात लिंग हाय माज्या! बापाच्या तोंडात चामडं घालतूस व्हय?" रक्त पुन्हा वाहू लागलं, तर त्यावर तुम्ही चिमूटभर मिश्री दाबलीत. मिश्री, अप्पा! जळलेली तंबाखू, उघड्या जखमेत!

खाच कोरडी पडली, हाड उघडं पडलं, ठणका कानापर्यंत गेला. पंधरा दिवस आई तुम्हाला आंबील पाजत होती. मी जखम धुवायला जवळ आलो की तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवायचात. आणि तुमच्या कापडाच्या मिलमध्ये हो? मागावर धोट्याला ठोकणारे ते पिकर रेड्याच्या कातड्याचे असायचे. तीस वर्षं तुम्ही ते हातानं बसवलेत, त्याच हातानं डब्यातली भाकरी खाल्लीत. तेव्हा गळ्यातलं लिंग कुठं होतं? पण गल्लीभर सांगत सुटलात, "पोरानं बाटवलं मला." पुढं एकेक दात हलला, पडला. तुम्ही भाकरी दुधात कुस्करून गिळलीत, पण माझ्यापुढं तोंड उघडलं नाहीत. दवाखाना टाकून अख्ख्या पेठेचे दात मी बघायचो आणि माझाच बाप बोळक्या तोंडानं ओट्यावर बसलेला! लोक हसायचे. मला फार लागायचं ते, अजून लागतं.

हे पत्र तुम्ही असताना लिहिलं असतं, तरी पेटीत टाकायची माझी छाती झाली नसती. कारण त्या दिवशी तुम्ही खुर्चीत तोंड उघडून बसला होतात, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "वडलांना चालंल न्हवं ह्ये?" तुम्ही नको म्हणणार हे मला पक्कं माहीत होतं. मी म्हणालो, "विचारलंय त्यांना."