हनुवटी यायची आहे

रत्नागिरी,
१७ ऑक्टोबर २००२

ती. वहिनींस,

गोपाळकृष्णाचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना दिवसातून एकदाच चढा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुम्ही एकदा चढता आणि चारदा उतरता, असं मागच्या पत्रावरून दिसतं. हे कसं जमतं ते कळवावं. आम्ही ठीक आहोत. उमाला सर्दी होती, ती गेली. मला नव्हती, आता आहे. संगणकाच्या डब्यासाठी तुम्ही शिवलेलं कव्हर गणपतीत मिळालं. उत्तम बसलं. दादाचा चौकड्यांचा शर्ट मी लगेच ओळखला. दादा गेल्यापासून दीड वर्ष बंद असलेलं कपाट तुम्ही उघडलंत आणि शिवणयंत्रावर बसलात, हे उमाने मला पुन्हा वाचून दाखवायला लावलं. शर्टाचा खिसा तसाच ठेवलात ते बरं केलंत. त्यात मी ई-मेलचा सांकेतिक शब्द लिहिलेला कागद ठेवतो. (अनिश म्हणतो, तो कुठेही लिहून ठेवू नये. पण मग तो सांगायचा कोणी?)

आता संगणकाविषयी. अनिशला टोरांटोत मुलगी झाल्याचं तुम्हाला कळवलंच आहे. मनस्विनीचा फोटो त्याने महिन्यापूर्वी ई-मेलने पाठवला. आमच्याकडे फोनच्या तारेतून येणारा फोटो एकदम येत नाही. दुकानाचं शटर खाली ओढावं तसा वरून खाली, टिचभर टिचभर उतरतो. आधी टोपी. मग कपाळ. मग मिटलेले डोळे. (ते उमाच्या माहेरचे आहेत, असं तिचं म्हणणं. मिटलेल्या डोळ्यांवरून माहेर कसं कळतं, हे मी विचारलं नाही.) मग नाक. आणि नाकाचा शेंडा आला की संगणक बंद. पडदा काळा. पुन्हा सुरू केला की पुन्हा टोपीपासून. तीन आठवड्यांत ती टोपी आम्ही चाळीसएक वेळा पाहिली. तिच्यावर बदक आहे. एकदा वरचा ओठ निम्मा आला होता. त्या दिवशी उमाने शिरा केला.

तुम्हाला वाटेल, एवढी घाई कशाला. घाई हनुवटीची होती. आमच्या घरात हनुवटीवर खळी वडिलांना होती आणि दादाला. मला नाही, अनिशलाही नाही. दादाबरोबर ती संपली असं मी धरून चाललो होतो. पण उमाच्या डोक्यात शंका आली आणि मग ती माझ्याही डोक्यातून जाईना. अनिशला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "बाबा, दोन महिन्यांच्या बाळाला हनुवटी कुठे असते, सगळे गालच आहेत. फोटो पाठवलाय ना, बघा की." उमाने फोन हातातून घेतला आणि सांगितलं, "मग तिला उलटी धर आणि फोटो काढ. म्हणजे हनुवटी आधी येईल." यावर अनिशने बाळाच्या झोपेची वेळ झाल्याचं सांगून फोन ठेवला.

जुनेदला बोलावलं. एस.टी. स्टँडपाशी संगणक दुरुस्तीचं त्याचं दुकान आहे. माझा विद्यार्थी, निबंधात कच्चा होता, पण हात स्वच्छ. तो येणार म्हटल्यावर मी दरवेळी कव्हर काढून, घडी घालून, कपाटात ठेवत असे. (डॉक्टर यायच्या आधी आपण नाही का बिछाना आवरत?) त्याने डबा उघडला, आत फुंकलं, तासभर चालवून पाहिलं. चालला. तो चहा घेऊन गेला. मी कव्हर घातलं, फोटो लावला, नाकाशी बंद. दुसऱ्या वेळी त्याने डबा रिक्षातून दुकानात नेला. दोन दिवस ठेवून घेतला आणि परत आणला. म्हणाला, "सर, याला काय झालेला नाय. माझ्याकडं दोन दिवस एकदा पण बंद पडला नाय. शहाण्यासारखा चालतो." मी म्हटलं, म्हणजे आमच्याकडे वेड लागतं का? तो म्हणाला, "तसा नाय, पण घरात काय तरी आहे. अलीकडं काय नवीन बसवलात काय याला?" मी नाही म्हणून सांगितलं. आणि ते खरंच होतं, बसवलं काहीच नव्हतं.

घरात काही तरी आहे म्हणजे वीज, असा अर्थ मी काढला आणि महिपत वायरमनला आणलं. त्याने मीटरकडे पाहिलं, भिंतीला कान लावला, (का, ते त्यालाच माहीत) आणि निदान केलं: "मास्तर, अर्थिंगच नाय तुमच्या घराला. तो बिचारा करणार काय!" मग मागच्या अंगणात, जास्वंदीशेजारी, चार हात खड्डा खणायचा ठरला. आमचं अंगण म्हणजे वर वीतभर माती आणि खाली कातळ. पहारीचा आवाज दोन दिवस आळीभर गेला. खड्ड्यात तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ. उमा म्हणाली, खारा वारा आहे म्हणून आपण घरातली प्रत्येक वस्तू झाकून ठेवतो, आणि आता मीठ हाताने पुरतो आहोत. महिपतने बजावलं की खड्डा ओला राहिला पाहिजे, रोज दोन बादल्या पाणी. मी रोज सकाळी पाणी घालू लागलो. कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून शेजारच्या भागोजीने विचारलं, "काय लावलंय, मास्तर?" मी म्हटलं, संगणक. "धरेल, धरेल," तो म्हणाला. "पहिली तीन वर्षं जपा."

संगणक नाकाशीच बंद पडत राहिला.

अखेर नवमीला दुपारी मी बाजारात असताना तो आपोआप नीट चालला. परत आलो तर उमा पडद्यासमोर बसली होती. ती वळली नाही. मी पिशवी ठेवून मागे उभा राहिलो. टोपी होती, डोळे होते, नाक होतं, तोंड किंचित उघडं. खाली हनुवटी.

खळी आहे, वहिनी. डाव्या बाजूला जराशी झुकलेली, दादाची होती तशीच.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला संगणकाची पूजा केली. खड्ड्यावरही दोन फुलं टाकली. कातळ खणणाऱ्याचा मान ठेवायला हवा.

तब्येतीस जपावं. जिना चढावा तितकाच उतरावा.

आपला,
गोपाळकृष्ण

ता. क. संगणक आपोआप चालला असं वर लिहिलं आहे. ते पूर्ण खरं नाही. पूजेसाठी म्हणून उमाने त्या दिवशी कव्हर धुवायला काढलं होतं. जुनेदला हे कळलं तेव्हा तो खाली बसून हसला. डब्याच्या मागे पंख्याची जाळी असते, तिथून आतली गरमी बाहेर जाते, आणि ती आम्ही महिनाभर कोंडत होतो. यात शिवणाचा दोष नाही. पाचही बाजूंची मापं मीच कळवली होती, आणि खारा वारा लागू नये म्हणून मागची बाजू दुहेरी करा, हेही माझंच वाक्य. तुम्ही दुहेरी केलीत. टीपही पक्की आहे.

ता. क. २. अनिश मार्गशीर्षात मुलीला घेऊन येतो आहे. त्या शर्टाची तिच्यासाठी गोधडी होईल का? कापड मऊ झालं आहे. खिसा ठेवावा. कव्हर उद्याच्या पोस्टाने पाठवतो.

ती. ताई, मी उमा. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. कव्हर पोस्टाने येणार नाही. काल यांनी दोनदा बांधलं आणि दोनदा सोडलं. शेवटी इस्त्री करून परत डब्यावर घातलं. मी म्हटलं, अहो, आता कारण कळलंय ना? तर म्हणाले, "संगणक बंदच ठेवू. फोटो बघून झालाय." तेव्हा कव्हर न्यायला तुम्हीच या, आणि गोधडी इथेच शिवा. माझं यंत्र चालू आहे. आमच्याकडे जिना नाही. फोटो जुनेदने छापून दिला, तो कव्हरावर भावोजींच्या शर्टाच्या खिशात आहे. तुम्ही आल्याशिवाय भिंतीवर लावायचा नाही असं ठरलंय. गोधडीची मापं मी घेईन. यांना विचारू नका.