स्वयंपाकघरातला पंखा

सोमवार
लागली एकदाची मनासारखी जागा! दुसरा मजला, समोरच स्टेशनाचा जिना. चहाचा शेवटचा घोट घशाखाली उतरायच्या आत माणूस फलाटावर. फुटपाथवर बसून पंखे आणि त्यांच्या मोटरी दुरुस्त करत मोठा झालेला मी, आज दारावर स्वतःच्या नावाची पाटी ठोकली. मालक आधी याच जागेत राहायचे, आता वरच्याच मजल्यावर राहतात. बायको भांडून समोरून गाडीत बसली ती परतलीच नाही, हे त्यांनी न विचारताच सांगून टाकलं. अट एकच: स्वयंपाकघरातला पंखा बंद करायचा नाही, भिंतीला ओल धरते म्हणे. आणि पंखा असा खरखरतो की त्याच्यापुढे गाड्या मुक्या वाटाव्यात.

बुधवार
शेजारी शिवणकाम करणाऱ्या मावशी आहेत. कपड्याचं माप घ्यावं तसं मला न्याहाळत म्हणाल्या की, मालकीणबाई भारी बोलक्या होत्या, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. मालकांना तेच खुपायचं. मी म्हटलं, माझं तोंड बंद पडलं तर दुकानच बंद पडेल. मावशी हसल्या नाहीत. त्यांच्या स्वयंपाकघरात जेवायचं टेबल ऐसपैस मावतं. माझ्या स्वयंपाकघरात मावत नाही, आणि खोल्या म्हणे सारख्याच.

शुक्रवार
नाही राहवलं. बिघडलेलं यंत्र कानाशी ठेवून जेवणं मला जमायचं नाही. बेअरिंग बदललं, ग्रीस भरलं. पंखा लोण्यासारखा फिरू लागला. सवयीप्रमाणे स्क्रूड्रायव्हरचं टोक पंख्याला आणि मूठ कानाला लावली. झकास. हादरा कुठवर जातो ते पाहावं म्हणून टोक भिंतीला टेकवलं.
आत कुणीतरी बोलत होतं. बाई. भराभर, श्वास न घेता.

शनिवार
आता नुसत्या कानांनी ऐकू येतं. मला भाऊ म्हणते. स्टेशनावर ती कधी गेलीच नव्हती. विटा चढत होत्या तेव्हा ती ओरडत होती, आणि नवऱ्याने पंखा लावला. एकच मागणं आहे: त्यांना एकदा खाली बोलवा.
भीती वाटली. पण त्याहून जास्त हात शिवशिवले.

रविवार, दुपार
पंखा बिघडलाय, असा निरोप मावशींच्या हाती वर धाडला. मालक तणतणत आले, आवाज का बंद केला म्हणून. मी मागून कडी लावली. मला त्यांचा चेहरा बघायचा होता, बस.
भिंतीतून एकच शब्द आला. अहो.
त्यांचा हात भिंतीला चिकटला. मग कोपर आत. मग खांदा—
भिंतीला तडासुद्धा नाही.

रविवार, संध्याकाळ
ते आतून ओरडताहेत. मावशींनी दोनदा दार वाजवलं. मोटर तपासतोय, म्हणालो. मालकांना बोलावलं मीच, निरोप नेला मावशींनी— कोण विश्वास ठेवणार?
जुनं बेअरिंग परत बसवलं. खरखर सुरू. आता कुणाचंच काही ऐकू येत नाही. हुश्श.

सोमवार
पंखा थांबलाय. वीज आहे. बटण चालू आहे. मालक गप्प.
भिंतही गप्प.
ती आता भिंतीत नाही— पाठीमागे— अगदी प्रेमाने विचारतेय, भाऊ, पंखा कुणी ला—