वर्गाच्या बैठकीत मी काय बोलले

थिएर, १७ जून, मंगळवार

प्रिय सेव्हरीन,

सकाळी शाळेच्या फाटकात माझा हात दाबून तू म्हणालीस, "जाऊ दे गं. तू होतीस ना त्या बैठकीत? तुला जमलं नाही, म्हणजे कुणालाच जमायचं नाही." मुख्याध्यापकांना आभारी आहे म्हणालीस आणि लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला निघून गेलीस. आभार कसले गं? पोरीची वाट अडवणाऱ्या माणसाचे? मला तुझा इतका संताप आला की दुपारी वर्गाला गणितं घालून मी दोन तास नुसती खिडकीशी उभी होते.

आधी कामाचं ऐक. आज मिळालेल्या कागदावर लिहिलंय की तुझ्या सोलेनला लिसेच्या, म्हणजे वरच्या शाळेच्या, साध्या शाखेत, जिथून पुढे इंजिनीअर होता येतं, जागा नाही. तिनं दुकानात विक्रीचं काम शिकायचं. त्याच कागदाच्या मागे 'निर्णय मान्य नाही' असा चौकोन आहे, तो तू वाचलासुद्धा नसशील. त्यावर खूण करून सही केलीस की प्रकरण बाहेरच्या समितीपुढे जातं. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचची. पाच वाजून एक मिनिटाला गेलीस तर ऑफिसातल्या बाई खिडकी लावून घेतील, त्यांना मी ओळखते.

तू नेहमी माझ्याशी भांडतेस, की आपली शाळा चांगली आहे. आहेच. तुझी पोर नोटरीच्या पोराशेजारी बसून तेच पुस्तक वाचते, त्याच टेबलावर तेच जेवते, जेवणाशेवटी मिळणाऱ्या चीजच्या तुकड्यासकट, आणि तुला कुणी फी मागत नाही. मी बुटांच्या दुकानात वाढलेली, माझी मास्तरीण झाली ती या शाळेमुळेच. पण विसापैकी गुण देताना आमचा हात कसा आखडतो, ते तू पाहिलेलं नाहीस. वीस देवाचे, एकोणीस मास्तरांचे, उरलेले पोरांचे, असं आम्ही चहा पिताना हसत म्हणतो. उत्तर बरोबर असलं तरी आधी चूक शोधायची. मग पोरं खात्री असल्याशिवाय हात वर करत नाहीत, आणि मोठेपणीही करत नाहीत.

सोलेन करते. मार्चमध्ये तिनं त्रिकोणाचं एक गणित असं सोडवलं की मला ते दोनदा वाचावं लागलं. मी शिकवलेल्या पद्धतीपेक्षा सोपं होतं ते. आणि मी काय केलं? पद्धत पाळली नाही म्हणून चार गुण कापले. ती टेबलापाशी येऊन म्हणाली, "बाई, पण उत्तर चुकलंय कुठे?" मी म्हटलं, "जागेवर बस." प्रगतिपत्रकात तिच्या नावापुढे लिहिलं, 'मेहनती, पण डळमळीत.' घाईत लिहिलं गं, त्या दिवशी सत्तावीस शेरे लिहायचे होते.

पोरांची पुढची शाखा ठरवायच्या गुरुवारच्या बैठकीतही सत्तावीस पोरं आणि दोन तास, म्हणजे एकेकाच्या आयुष्याला चार-साडेचार मिनिटं. सोलेनची पाळी आली तेव्हा मुख्याध्यापक बर्तोले साहेब घड्याळ बघत होते. सरासरी अकरा. फ्रेंचच्या बाई म्हणाल्या, वाचते खूप, लिहिताना घसरते. आणि मग साहेबांनी माझा शेरा मोठ्यानं वाचला, "डळमळीत. गणिताच्या बाईंनीच लिहिलंय, मग प्रश्नच मिटला. की बाईंना काही सांगायचंय?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. पुढचं शेवटी लिहिते, आत्ता हात धजत नाही.

तुला आपली बैठक आठवते? आपण चौदा वर्षांच्या होतो. तूच वर्गभर फिरून मला मतं मिळवून दिलीस आणि मी पोरांची प्रतिनिधी म्हणून आत बसले. त्या हिवाळ्यात तुझी आई दवाखान्यात होती, तू सकाळी धाकट्याला बालवाडीत सोडून धापा टाकत यायचीस, गुण कोसळले होते. कारण वर्गात फक्त मला माहीत होतं. तुला शिवणाच्या कोर्सला घातलं. बाहेर आल्यावर मी सांगितलं, "खूप भांडले गं, ऐकेनात." तू माझ्या गळ्यात पडलीस. दुसऱ्या दिवशी स्वतः केलेला चेरीचा केक आणलास, आणि मी तो खाल्ला. आजतागायत तू लोकांना सांगतेस, नादेज माझ्यासाठी मास्तरांशी भांडली होती.

नाही भांडले. तेव्हाही मला विचारलं होतं, प्रतिनिधीला काही सांगायचंय? मी म्हटलं, नाही. चुकीचं काही बोलून जाईन, याची भीती वाटली. आणि गुरुवारी साहेबांनी विचारलं तेव्हा, एवढी पन्नाशीला आलेली बाई मी, तेच केलं. म्हटलं, नाही. तोच शब्द, सेव्हरीन. तू ज्या भरवशावर सकाळी मुकाट्यानं कामाला गेलीस, तो भरवसा खोटा आहे. तुमच्या दोघींसाठी भांडून कुणी हरलेलं नाही, कुणी भांडलंच नाही. सोबत माझ्या सहीचं पत्र आहे. माझा शेरा चुकीचा होता आणि ही पोर गणितात माझ्यापेक्षा सरस निघेल, असं त्यात लिहिलंय. बैठकीतलं बाहेर काढलं म्हणून साहेब माझ्यावर काय कारवाई करायची ती करोत. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून तुझ्या दारातल्या पत्रपेटीत मीच टाकून जाते. दार वाजवायचं धाडस नाही. मला शिव्या दे, उभ्या जन्मात तोंड पाहू नकोस, पण ते शनिवारपासून. त्याआधी सही कर.

तू ठेवशील तितकीच तुझी,
नादेज