पत्र्याखालची बाळंतीण

बऱ्हाणपूर,
१४ जून

प्रिय कोकिळाताई विहीणबाई,

कौशल्याचा नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. ह्यांचे गुडघे कुरकुरतात, पण जन्म कागद कारखान्यात काढून रिटायर झालेल्या माणसाचं काहीतरी कुरकुरलंच पाहिजे, नाहीतर त्यांचा दिवस जात नाही. तुमच्या केळीला पाणी पुरतंय ना? यंदा ऊन काही हटायचं नाव घेत नाही.

बारशाचं आमंत्रण आमच्या जावयांनी, विशालरावांनी, फोनवर दिलं. उद्या ते इथे इतवाऱ्याच्या बाजारात यायचे आहेत, त्यांच्याच हाती हे पत्र देते. तुम्ही म्हणाल, आमच्या निंबोल्याला फोन लागत नाही का? लागतो. कितीदा लावला. दर वेळी लोणच्याच्या कैऱ्यांवर आले आणि तिथेच अडकून बसले. खाई त्याला खवखवे, तसं झालंय माझं. तुमचा आवाज ऐकला की जीभ वळत नाही, म्हणून लिहिते.

आधी खोलीचं सांगते. वरची खोली आम्ही मोनालीच्या बाळंतपणासाठीच बांधली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं आणि ते चारजणींनी वाखाणलं पाहिजे, असा माझा हट्ट. वर पत्रा, खाली पीओपीची नक्षी, पश्चिमेला मोठी काच, आणि शेजारीच संडास-न्हाणी. येईल त्या बाईला मी जिना चढवून ती खोली दाखवायचे. बडा घर पोकळ वासा म्हणतात. आमच्याकडे वासासुद्धा नव्हता, नुसता पत्रा होता.

पाचवीच्या पूजेला तुम्ही आलात तेव्हा उंबऱ्याशीच बसलात. आत शेगडी होती, वेखंड-ओव्याची धुरी होती, खिडकी बंद होती. तुमच्या मानेवरून घाम वाहत होता. तुम्ही म्हणालात, "विहीणबाई, खोली लई तपते हो. आमच्या मातीच्या धाब्याखाली थंड ऱ्हातं. पोरीले अन् बाळाले सव्वा महिना तिकडेच राहू द्या." तुम्ही चांगल्या मनाने बोललात. मला मात्र ते नाकाला झोंबलं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "धाब्याची माती बाळाच्या तोंडावर गळायची, त्यापेक्षा आमची पक्की खोली बरी." बायका हसल्या. तुम्ही पूजेचा नारळ ठेवलात आणि चहा न घेता गेलात.

ते मनावर घेऊ नका, असं लिहिणार होते. पण का घेऊ नये? घ्या.

मोनालीचा जन्म कारखान्याच्या क्वार्टरमध्ये, ऐन पौषात झाला. जाड दगडी भिंती, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. माझ्या सासूने खाटेखाली शेगडी ठेवली, कान बांधले, दार लावलं, आणि आम्ही मायलेकी ठणठणीत उठलो. मी तेच केलं. फक्त ते जेठच्या उन्हात केलं, आणि पत्र्याखाली केलं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाळंतिणीला वारा बाधतो म्हणून पंख्याचं बटण मी चिकटपट्टी लावून बंद केलं होतं. बाळाला कुंची, अंगावर दोन दुपटी.

मोनाली म्हणायची, "आई, दम घुटतो ग. थोडी खिडकी तरी खोल ना." मी म्हणायचे, "आम्ही नाही का काढले दिवस? तुम्हा पोरींना सगळं ऐशमध्ये पाहिजे."

आणि ताई, हेही ऐका. कूलर खाली हॉलमध्ये होता. दुपारी तिचं जेवण वर ठेवलं की मी खाली येऊन त्याच्यापुढे आडवी व्हायचे. छान झोप लागायची मला.

बाळ मलूल होत गेलं. लंगोट कोरडेच निघायला लागले. ओठ सुकले, टाळू आत गेली. मोनाली रडून सांगत होती की बाळ अंगावर पीतच नाही, तोंडात धरतं आणि सोडून देतं. मी म्हटलं, नजर लागली, आणि मीठ-मोहरी उतरवली. शेवटी ह्यांनीच माझं न ऐकता रिक्षा आणली.

दवाखान्यात काय झालं ते तुमच्यासमोरच झालं. डॉक्टरांनी विचारलं, "बच्ची इतनी सूख कैसे गई? कमरा कैसा है?" तुम्ही होतात, विशालराव होते, नर्स होती. सगळे माझ्याकडे बघत होते. तुम्ही तर पाचवीलाच सांगितलं होतं, आणि आता तुम्ही ते बोलून दाखवाल अशी मला धडकी भरली. तुमच्या तोंडून एक शब्द निघायच्या आत मी बोलले, "कमरा तो बहुत अच्छा है, डॉक्टरसाब. लडकी को दूधही नहीं है."

ते खोटं होतं.

तिला दूध होतं. दाटून येत होतं. त्या क्षणीसुद्धा तिचा ब्लाउज भिजलेला होता. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पदर पुढे ओढून ते झाकलं. माझी लाज राखायला झाकलं. डॉक्टर म्हणाले, मग वरचं दूध द्या. बाळ सावरल्यावर तुम्ही दोघींना थेट निंबोल्याला नेलंत, ते बरंच केलंत. मी मात्र कपड्यांची पिशवी तेवढी हातात दिली आणि घरी निघून आले.

परवा मोनालीचा फोन आला होता. तक्रार करणारी पोर नाही ती. मीच खोदून विचारलं तेव्हा कळलं की बाळ डब्याच्या दुधावर आहे, बाटली तुम्ही स्वतः देता, आणि ती नुसती बाजूला बसून असते. कोणी आलं की तुम्ही म्हणता, "काय करता, पोरीले दूधच नाही, तिच्या आईनंच सांगितलं." तुमची काहीच चूक नाही. सख्खी आई सांगते म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार नाही? पण ताई, बाळ ओढत नाही म्हणून आता तिचं दूध खरोखरच आटत चाललंय. अजून आहे. आज उद्या बाळाला अंगाला लावलं तर वाढेल. उशीर झाला तर माझं खोटं खरं होऊन बसेल.

फोन ठेवला आणि भर दुपारी मी वर गेले. दार लावलं, खिडकी लावली, शेगडी न पेटवता नुसती तिच्या खाटेवर बसले. पत्रा तडतडत होता. थोड्याच वेळात डोकं गरगरायला लागलं, जीभ टाळूला चिकटली. मी उठले आणि खाली आले. मला उठून येता आलं. ती माझ्या शब्दाखातर तिथेच पडून राहिली.

एवढंच मागणं आहे. बाटली बाजूला ठेवा आणि बाळ तिच्या मांडीवर द्या. लागलं तर डॉक्टरांना पुन्हा विचारा, पण या वेळी खरं सांगून विचारा. तुमच्या धाब्याखाली त्या दोघींना निवांत राहू द्या. मी तुमच्या घराला नावं ठेवली, त्याच घराकडे आज हात पसरते आहे, ह्याची मला लाज वाटते. वाटू दे.

खोटं मी चारचौघांत बोलले. तेव्हा हे पत्र एकटीने वाचून उशाखाली ठेवू नका. विशालरावांना बसवा, त्यांच्या वडिलांना बसवा, ज्या बायका भेटायला येऊन गेल्या त्यांनाही बोलवा, आणि मोनालीसमोर मोठ्याने वाचा. बारशाला मी यावं की नाही, हे तिला ठरवू द्या. ती नको म्हणाली तर आग्रह करू नका.

एवढं सगळं वाचून होणार नाही असं वाटलं, तर इतकंच वाचा: मोनालीला दूध होतं, आणि तिच्या आईला ते ठाऊक होतं.

कौशल्या