माझ्याच निरोपाच्या ग्रुपमध्ये मी

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

माझ्या निरोप समारंभाच्या गुप्त ग्रुपमध्ये आज मलाच घेतलं!

जेवणाच्या सुट्टीत फोन टुणटुणला. ग्रुपचं नाव 'साहेब निरोप २९ तारीख (गुप्त)'. पहिला मेसेज पॅकिंगच्या सुपरवायझरचा, राजूचा – 'साहेबांना काडीची कल्पना येता कामा नये.' वाचतंय कोण, तर साहेब.

घोटाळा लगेच ध्यानात आला. वीस वर्षांपूर्वी मी स्टोअरला असताना कंपनीने एक सिमकार्ड दिलं होतं. ते मी अजून दुसरा नंबर म्हणून ठेवलंय. त्यावर फोटो कंपनीच्या बोधचिन्हाचा. राजूच्या फोनमध्ये तो नंबर नुसता 'स्टोअर' म्हणून असणार. हल्लीचा आमचा स्टोअरवाला माऊली, त्याला घ्यायचं म्हणून पठ्ठ्याने मला घेतलं.

बाहेर पडायला हवं होतं. पण बाहेर पडलो तर सगळ्यांना दिसतं. आणि खरं सांगायचं तर – कोण पडेल बाहेर?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

राजूने कंपनी सोडून गेलेल्या सगळ्यांना शोधून काढलंय. 'साहेबांविषयी दोन चांगले शब्द लिहा. दोनच असले तरी चालतील.' ह्या राजूला एकोणतीस तारखेपर्यंत ओव्हरटाइम लावायला हवा.

मृण्मयीने पानभर लिहिलंय. क्वालिटीला होती, आता हिंजवडीत असते. मी तिचा म्हणे 'मार्गदर्शक'. तिला मार्गदर्शन म्हणून मी एकदाच काहीतरी बोललो होतो, ते म्हणजे पार्किंगमध्ये स्कूटर आडवी लावू नकोस.

मेंटेनन्सच्या मनीषने लिहिलं – 'साहेब ओरडायचे, पण नाश्ता झाल्यावर ओरडायचे. आधी कधीच नाही.' ह्याला सतरा जणांनी अंगठे दाखवले. मीही दाखवणार होतो.

कोंडाबाईंचा आवाजातला निरोप. आठ वर्षांपूर्वी काम सोडून भरे गावी घरी बसल्या, पण आवाज तोच, हसरा. "साहेब लई चांगला मानूस व्हता. कदी कुनाला वाकडं बोलला न्हाई. देव त्याचं भलं करो." कोंडाबाई, मी आहे अजून!

बुधवार, १२ नोव्हेंबर

माऊली केबिनमध्ये आला. तोंड पाडून. "साहेब, कसला तरी ग्रुप हाय. समदी फोन बगून हसत्यात, मला त्यात घेतलंच न्हाई. माजं काय चुकलं?" त्याला म्हटलं, तुझ्या मनाचे खेळ. फार वाईट वाटलं, पण करू काय!

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आठवड्याची सुट्टी. आज हद्द झाली. ग्रुपवर कामं वाटली. मांडव मनीष, जेवण कँटीन आणि 'शाल-श्रीफळ – स्टोअर.' खाली राजूचं – 'स्टोअर, जमेल ना?'

काय लिहिणार? लिहिलं – 'हो.'

मग बायकोला, नलिनीला, भाजी आणतो म्हणून सांगितलं आणि पिरंगुटला जाऊन स्वतःच्या सत्काराची शाल स्वतः घेतली. दुकानदार म्हणाला, सत्काराला ही हिरवी जाते. मी म्हटलं, नको, ह्या माणसाला हिरवी आवडत नाही. "तुमच्या जवळचे दिसतात," म्हणाला. म्हटलं, बरीच वर्षं ओळखतो.

तपकिरी घेतली, मऊ आहे. नारळही वाजवून घेतला. उद्या पिशवी गेटवर ठेवायची – 'राजूसाठी, स्टोअरकडून.' घरी आल्यावर नलिनीने विचारलं, भाजी कुठाय?

शनिवार, १५ नोव्हेंबर

भेटवस्तू ठरली.

मृण्मयीने सुचवलं – घड्याळ नको, गणपती नको, साहेबांना 'साहेबांची तार' फ्रेम करून देऊ. सगळ्यांनी उचलून धरलं. जुन्या मशिनवरची पहिली तार मनीषने जपून ठेवलीय म्हणे. काचेत बसवायची, खाली माझं नाव, साल २०११.

कोंडाबाई पुन्हा बोलल्या. ह्या वेळी हसत नव्हत्या. "त्या तारंनं माजी मान वाचवली, बाबा. दिसभर वाकून उलटी झाकनं येचायचो आमी बारा जनी. साहेबाला आमची दया आली."

तीनदा ऐकलं. मग फोन पालथा ठेवला.

आज इथे लिहायलाच हवं. बाटल्यांची झाकणं मशिनमधून पट्ट्यावर पडायची, काही सुलटी, काही उलटी. उलटी वेचायला बारा बायका. एके दिवशी गेणू आखाडेने – हेल्पर, रिहे गावचा – सायकलच्या चाकाची एक तार वाकवून पट्ट्यावर आडवी बांधली. सुलटं झाकण तिच्याखालून सुटायचं, उलटं अडकून टोपलीत पडायचं. बास, एवढंच. शेरडं चारता चारता सुचलं म्हणाला. मी त्या शिफ्टचा इन्चार्ज.

सूचनेचा फॉर्म इंग्रजीत होता, गेणूला लिहिता येत नव्हतं. म्हणून मी भरला. माझ्या नावाने. नंतर बदलून घेऊ, असं ठरवलं होतं. मग मालक आले, टाळ्या झाल्या, बक्षीस मिळालं, वर्षभरात मी मॅनेजर झालो. बदलायचं राहून गेलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

कालचं वाचलं. 'राहून गेलं' – वा! छत्री राहून जाते.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

गेणूला ग्रुपमध्ये घेतलं.

राजूने लिहिलं – 'साहेबांच्या वेळचे सगळ्यात जुने सहकारी!' सगळ्यांनी हात जोडले. गेणू दिवसभर गप्प. मी दिवसभर फोन बघतोय. मीटिंगमध्येही बघत होतो. संध्याकाळी साडेपाचला त्याचा आवाज आला. मागे शेळ्या ओरडत होत्या. "मी येतो. भाताची झोडनी उरकली हाय. साहेबास्नी सांगू नगा."

एवढंच बोलला. ह्यातून काय समजायचं माणसाने? येऊन बोलणार? माइकवर? काम सोडून बारा वर्षं झाली त्याला. रस्त्यात भेटला की हात वर करतो, शेळ्या आवरत पुढे जातो. चिडलेला कधी दिसला नाही. पण ज्याला चिडायचंय त्याने रस्त्यातच चिडायला हवं असं थोडंच आहे?

गुरुवार, २० नोव्हेंबर

शनिवारी लिहिलं त्यातही एक गाळलं. त्या फॉर्मवर दुसरी ओळ होती – सोबत कोणी असल्यास त्याचं नाव. ती मी कोरी सोडली नाही. तिथे आडवी रेघ मारली. पेन उचलून, विचार करून मारली. मुलांच्या शिक्षणाला किती खर्च येतो, पुण्याला घर कधी घेणार – असली काही कारणं तेव्हा डोक्यात नव्हती. मला मॅनेजर व्हायचं होतं. इतकंच होतं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

ठरलं! भाषणात मीच सांगणार. गेणूने बोलायच्या आधी, सगळ्यांसमोर. 'ही तार माझी नाही, गेणू आखाडे यांची आहे.' दहा शब्दही नाहीत. ठरवल्यापासून भूक लागतेय. नलिनी म्हणाली, आज तिसरी पोळी? मी म्हटलं, रिटायर होणाऱ्याच्या पोळ्या मोजू नयेत.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

कँटीनमधला मेनू ठरला – मसालेभात, मठ्ठा, जिलबी. वांग्याची भाजीही होती. मी स्टोअर म्हणून लिहिलं – 'साहेबांना वांगं चालत नाही.' राजू – 'स्टोअर, तुम्हाला बरं माहीत!' फोन खिशात टाकून खाली फेरी मारून आलो.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

भाषण लिहून झालं. चारदा वाचून बघितलं. ते वाक्य तिसऱ्या परिच्छेदात होतं, ते पहिल्यात घेतलं. मग वाटलं, एकदम पहिल्यात नको. दुसऱ्यात ठेवलंय. शर्ट इस्त्री झालाय.

शनिवार, २९ नोव्हेंबर

झाला एकदाचा.

मला 'कँटीनमध्ये गॅस गळतोय' असं सांगून बोलावलं. मी धावत जाण्याचं नाटक केलं – अंमळ जास्तच धावलो, कारण राजू म्हणाला, "साहेब, सावकाश, पडाल." आत फुगे, टाळ्या, जुनी सगळी माणसं. मृण्मयी मुलीला घेऊन आली होती. कोंडाबाईंनी नव्या आंबेमोहोराची पिशवी हातात दिली आणि गालावरून हात फिरवला. "वाळलास रं." मला अरे-तुरे करणारी कंपनीतली एकटी ती. डोळे भरून आले, लपवणार नाही.

शाल घातली. 'शाल-श्रीफळ आणल्याबद्दल स्टोअरच्या माऊलींचे आभार!' माऊली उभा राहिला, इकडेतिकडे बघितलं, टाळ्या होतच होत्या, शेवटी त्याने नमस्कार केला. बराच वेळ त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं – मी कधी आणली? पण गडी खुलला. ग्रुपचं दुःख विसरला. शाल खरंच मऊ आहे.

मग राजू म्हणाला, "आता सगळ्यात जुने सहकारी गेणूमामा साहेबांना भेट देतील."

गेणूच्या हातात ती फ्रेम.

मला हे ग्रुपवर कुठे दिसलं नव्हतं. आयत्या वेळी ठरलं असणार. पांढरी टोपी, धुतलेला सदरा, बुटांऐवजी चपला. फ्रेम दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. माइक त्याच्या तोंडापुढे धरला. मी खिशातला कागद चाचपला.

"मला बोलाया येत न्हाई," गेणू म्हणाला. "माजी आय आजारी व्हती, तवा साहेबांनी कंपनीची गाडी दिली, सोता दवाखान्यात बसलं. त्ये मी इसरलो न्हाई. साहेबांला चांगलं आयुष्य लाभू दे. बास."

आणि फ्रेम माझ्या हातात दिली. तार काचेमागे, थोडी गंजलेली. खाली माझं नाव, सोनेरी अक्षरात. गेणूने ती नीट सरळ केली, फोटोत नाव दिसावं म्हणून.

मी बोललो. दहा-बारा मिनिटं बोललो. विनोद केले, मनीषच्या नाश्त्याचा आणि पार्किंगमधल्या स्कूटरचा. सगळे हसले. दुसरा परिच्छेद आला. गेणू समोरच बसला होता, हातात मठ्ठ्याचा पेला, माझ्याकडे कौतुकाने बघत. मी तो परिच्छेद सोडून तिसऱ्यावर गेलो.

कोणाला काही कळलं नाही. फार छान बोललात, म्हणाले सगळे.

रविवार, ३० नोव्हेंबर

नलिनीने विचारलं, फ्रेम कपाटामागे का ठेवली? मी सगळं सांगितलं. चहा गार होईपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "मला कशाला सांगताय? तार माझी होती का?"

आणि कप उचलून आत गेली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिने माझी इतकी झटपट वासलात कधी लावली नव्हती.

सोमवार, १ डिसेंबर

रिटायरमेंटचा पहिला दिवस. साडेसहाला उठून बूट घातले, मग काढले. भूगावच्या चौकातली गाड्यांची रांग गॅलरीतून बघितली – आज ह्यात मी नाही, म्हणून बरं वाटायला हवं होतं.

उद्या गेणूकडे रिह्याला जायचं. ठरलं, आता नक्की. फ्रेमही घेऊन जाणार. आज दिवसभर मनाला समजावलं, की ह्यात घाबरण्यासारखं काही नाही. गेणूला सगळं माहीतच आहे, त्याने कधीच माफ केलंय, नाहीतर परवा तसं बोलला असता का? मी सांगेन, तो हसेल, कोरा चहा देईल, शेळ्या दाखवेल. एवढ्यासाठी चौदा वर्षं घालवली! जाताना पौड रस्त्यावरून पेढे घ्यावेत का? घेतो.

मंगळवार, २ डिसेंबर

गेलो. अंगणात उभ्या उभ्याच सांगितलं – गेणू, तार तुझी, नाव मी लावलं. विसरून नाही, मुद्दाम.

तो करडाला बाटलीने दूध पाजत होता. बाटली पार रिकामी केली, पुसून बाजूला ठेवली.

"म्हंजी तुमाला म्हाईत व्हतं?" म्हणाला. "मला वाटायचं, तुमच्या ध्यानातच न्हाई ऱ्हायलं. एवढी मानसं हाताखाली, एवढा व्याप. इसरतो मानूस. म्हनून म्या राग कदी धरलाच न्हाई."

करडू खाली सोडलं. फ्रेमकडे बघितलंही नाही.

"आता धरावा लागंल."