डब्याशी सामना

३ मार्च. सकाळी दहा.
ऑफिसात डबा आला. जेवणाच्या डब्याएवढाच. आत बुद्धिबळ खेळणारी चिप, तिला दुसरं काही येत नाही. साहेब म्हणाले, बावीस तारखेला विक्रेत्यांसमोर याचा आणि आपल्या प्रोग्रामचा सामना लावू, जिंकेल तो दुकानात जाईल. प्रोग्राम माझा. अकरा वर्षांची मेहनत. मी हसून बरं म्हटलं. हात गार पडले ते एसीमुळे.

त्याच दिवशी, दुपारी.
सहज एक डाव लावून पाहिला. हरलो. प्रोग्राम गाफील होता.

६ मार्च.
नऊ डाव, नऊ हार. टेस्टिंगवाल्या बाई म्हणाल्या, आपण सेकंदाला जेवढ्या चाली तपासतो त्याच्या वीसपट डबा तपासतो. मी म्हटलं, उंदीर मारायला तोफ कशाला? त्या म्हणाल्या, सध्या उंदीर आपण आहोत. निश्चय: उद्यापासून पहाटे पाचला उठून विचार करणारा भाग नव्याने लिहायचा.

७ मार्च. सकाळी सव्वाआठ.
उठलो. निश्चय सोमवारपासून.

११ मार्च.
शोध लागला. सामन्यात ठरलेत तसे चालीला दहा सेकंद दिले की डबा दर वेळी हुबेहूब तोच डाव खेळतो. मग नव्याने लिहा कशाला? त्याला हरवणारा एकच डाव हुडकायचा आणि प्रोग्रामकडून पाठ करून घ्यायचा. याला लबाडी नाही, तयारी म्हणतात.

१८ मार्च.
सापडला. एकतिसाव्या चालीला मात. सलग बारा वेळा जिंकलो. बायको म्हणाली, मग चार दिवस जेवत का नाही? पोट बिघडलंय म्हटलं. भीती कसली वाटायची?

२१ मार्च.
बाईंनी विचारलं, दहाऐवजी वीस सेकंद देऊन बघितलं का? शुभ बोलायला यांना पैसे पडतात. नाही बघितलं. हात धजत नाही, खरं सांगायचं तर.

२२ मार्च. दुपारी चार.
एक विक्रेता म्हणाला, दहा सेकंद म्हणजे फारच घाई, अर्धं मिनिट ठेवा. साहेबांनी लगेच बटण दाबलं. आठ चाली सुरळीत. नवव्या चालीला डब्याने वजिराऐवजी उंट हलवला. पाठांतर संपलं. प्रोग्राम स्वतः विचार करायला लागला, तिथेच घोळ झाला. चोविसाव्या चालीला मात.

२३ मार्च.
साहेब रागावले नाहीत. म्हणाले, तुमच्या प्रोग्रामचा पट दिसायला छान आहे, तो ठेवू. खेळेल डबा, दिसेल आपला पट. म्हणजे अर्धा मीही जिंकलोच. विचार करणारा भाग तेवढा सोमवारपर्यंत काढून टाकायचा. मीच काढायचा, कारण दुसऱ्या कोणाला तो समजत नाही. जाताना साहेब म्हणाले, पट तर चित्रकाराने काढलाय, मग यात तुमचं काय उरतं? मी म्हटलं, उद्या यादी करून देतो.

२४ मार्च. संध्याकाळी सहा.
सकाळपासून यादीला बसलोय. एक आकडा घातलाय, पुढे टिंब दिलंय. भीती वाटतेय.