सेर्वियसच्या हाती घर लागू नये म्हणून

मी, नुमेरियस कुसिनियस, राहणार तुस्कुलम, रोमचा नागरिक, एके काळी शंभर शिपायांचा नायक. गुडघे गेले, दात गेले, डोकं मात्र ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र लिहायला कोणी भरीस घातलेलं नाही, आणि आज सकाळची वाइनही पाणी घालूनच घेतली आहे.

आधी वारसाचं, कारण ते पहिलं लिहिलं नाही तर पुढचं सारं फुकट. माझी बायको टितिनिया हीच माझी वारस.

टेकडीवरचा ऑलिव्हचा मळा तिचा, तेलाचा घाणाही तिचाच. विळा मात्र माझ्याबरोबर चितेवर ठेवावा. कार्थेजची फौज इटलीत घुसली तेव्हा आमच्या सरसेनापतींनी ठरवलं, की समोरासमोर लढाई द्यायची नाही, शत्रूला दाणावैरण मिळू द्यायची नाही. त्या हुकमावरून याच विळ्याने मी बापाचं उभं पीक कापून जाळलं. आम्ही डोंगराच्या कडेकडेने चालायचो आणि वैरणीला बाहेर पडलेल्या त्यांच्या टोळ्या तेवढ्या गाठायचो. गावात शिरलो की पोरी विचारायच्या, "काय हो, आजही मेंढरंच राखलीत का?" त्यांचे घोडे उपासाने मेले ते आमच्यामुळे, पण त्याची आठवण कोणाला नाही.

आता सेर्वियस नुमिसियसविषयी. एकदा अशाच एका टोळीला मी मुद्दाम मागे सरत चढावर ओढत आणत होतो. वर झुडपांत माझी माणसं दबा धरून बसली होती. तेवढ्यात शेजारच्या तुकडीतला हा गडी हुकूम मोडून, बोंबलत खाली धावला. माझ्या अंगावर आलेल्या दोघांना त्याने लोळवलं, बाकीची टोळी पळाली आणि माझा सापळा वाया गेला. तरी नागरिकाचा जीव वाचवला म्हणून ओकच्या पानांचा मुकुट त्याला!

मी म्हणालो, "याने मला वाचवलंच नाही."

अधिकारी म्हणाला, "जिवंत आहेस ना? मग घाल मुकुट त्याच्या डोक्यावर."

आमच्या रिवाजाने, वाचलेल्याने वाचवणाऱ्याला जन्मभर बाप मानायचं. हा बाप माझ्याहून तीन वर्षांनी लहान आहे. खेळांच्या दिवशी तो आला की अख्खं गाव उठून उभं राहतं, आणि टितिनिया सगळ्यांच्या आधी. माझा जळफळाट व्हायचा, अजून होतो.

तो विधुर आहे. मी ठरवलं होतं, भांडायचं नाही, नुसतं टिकून राहायचं. तो आधी जाईल. पण त्याला साधा खोकलाही होत नाही. म्हणून ही अट: टितिनियाने सेर्वियसशी लग्न केल्यास घर आणि मळा तिच्याकडून काढून माझ्या पुतण्याला द्यावा.

इथवर लिहून मोठ्याने वाचलं. टितिनिया लोकर कातत होती, ती थांबली.

"अहो, त्याने मला मागणी घातली होती. युद्ध सुरू व्हायच्या आधी. मी नाही म्हटलं."

"का?"

"तुमची वाट बघत होते म्हणून! दोन वर्षं आमच्या दारात येऊन हरवलेली शेळी विचारत होतात. तुमच्याकडे शेळी होती तरी का?"

"मग त्याला बघून आधी कशाला उठतेस?"

"त्याने तुम्हाला घरी आणलं, अहो. सापळा गेला खड्ड्यात. मला नवरा मिळाला. उठू नको तर काय करू?"

वरची अट रद्द. मेणाच्या पाटीवरची अक्षरं पुसता आली असती, पण मी नुसती रेघ मारली आहे. घर, मळा, घाणा, सगळं विनाअट टितिनियाचं. तिने मनाला येईल त्याच्याशी लग्न करावं. फक्त पितरांच्या दिवसांत थडग्यावर वाइन ओतायला एकटीने यावं, आणि लगेच परत जाऊ नये.

साक्षीदार, पाचही प्रौढ नागरिक, समक्ष मोहोर उठवून: गायस रुब्रियस, आउलस तुर्पिलियस, मानियस रस्कियस, लूशियस अव्हिलियस, क्विंतस पेद्युसियस. सेर्वियसला बोलावलेलं नाही.

नुमेरियस कुसिनियस, स्वहस्ते. तुस्कुलम, फेब्रुवारीच्या इदसच्या, म्हणजे तेराव्या दिवसाच्या, आदल्या दिवशी.